रविवारची बैठक

हे लिहायचा अधिकार मला आहे का, ते मला खरंच माहीत नाही. गेलेल्या माणसांच्या आठवणींच्या या पानावर मी आजवर जे वाचलं ते मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांबद्दल लिहिलेलं होतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, वय एकवीस, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिलाच. ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो वीस वर्षांचा होता. त्याच्या नावावर कुठलं पद नाही, पुरस्कार नाही, एक पदवीसुद्धा पुरी झाली नाही. शिवाय त्याचे वडील हयात आहेत, त्यांच्या घरी मी तीन वर्षं रविवारी जेवलो आहे, आणि वयाने, मानाने मोठ्या माणसाबद्दल वाईट लिहिणं आमच्याकडे चांगलं समजत नाहीत. तरीही लिहितो आहे. त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, ‘लिही, फक्त त्याचं खरं नाव नको’ एवढंच सांगितलं. म्हणून त्याला इथे हर्षल म्हणतो. कुठे शब्द उद्धट वाटला तर माझं लहान वय बघून माफ करा... पण तो शब्द मी मागे घेईन असं मात्र नाही.

हर्षल जाऊन सात आठवडे झाले. संक्रांतीनंतरची गोष्ट. मी तेव्हा गावी होतो, दोंडाईच्याजवळ, आईबरोबर कपाशीच्या शेवटच्या वेचणीला. दुपारी बांधावर भाकरी सोडली आणि मोबाइल पाहिला, तर कॉलेजच्या ग्रुपवर त्याचा पांढऱ्या शर्टातला फोटो आणि खाली जोडलेल्या हातांची रांगच्या रांग. मला आधी वाटलं, कोणीतरी चेष्टा केली आहे. त्याला चेष्टा करणारे मित्र पुष्कळ होते. दुसऱ्या दिवशी गाडीने जळगावला पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं. घराच्या पडवीत सतरंजीवर माणसं बसली होती. धुळ्याला मित्राच्या लग्नाला निघाला होता, बसमध्ये फिट आली, कंडक्टरने वाटेतल्या सरकारी दवाखान्यात उतरवलं, पण तोवर संपलं होतं... असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जात होतं. त्याच्या वडिलांचे एक जुने मित्र माझ्या शेजारी बसले होते. ते मान हलवत म्हणाले, “गुणी पोरगा होता भो. घरात बसून घ्यायचा, बापासमोर. बाहेर कधी पाऊल वाकडं पडलं नाही त्याचं.” आणि दोघातिघांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. मी उठून नळावर गेलो आणि कितीतरी वेळ चुळा भरत राहिलो. दुःख नंतर आलं. आधी आली ती किळस, आणि ती अजून गेलेली नाही.

हर्षलची आणि माझी ओळख पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत झाली. मी गावच्या शाळेतून आलेलो, ब्युरेट, ती द्राव मोजायची लांब काचेची नळी, पहिल्यांदाच हातात धरत होतो आणि ती फुटेल या भीतीने घामाघूम झालो होतो. शेजारचा उंच, कुरळ्या केसांचा मुलगा हळूच म्हणाला, “अरे, लग्नाची नवरी आहे का ती? जरा घट्ट धर.” मी हसलो आणि खरंच हात स्थिर झाला. पुढे तो मला ‘प्रोफेसर’ म्हणायला लागला, कारण मी सगळं वहीत लिहून घ्यायचो, सरांचे विनोदसुद्धा. त्याला स्वतःला वहीची गरजच नसायची. त्याच्या वडिलांचं पाइप आणि मोटरपंपांचं दुकान होतं आणि लहानपणापासून तो तिथे खेळत वाढलेला. नादुरुस्त मोटर आली की स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर ठेवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, “पुढचं बेअरिंग गेलंय.” दुकानातला जुना मिस्त्री उघडून बघायचा, तर तेच निघायचं. असोद्याचे, पाचोऱ्याचे शेतकरी येऊन ‘तो कान लावणारा पोरगा आहे का?’ असं विचारायचे. मला वाटायचं, देवाने याला वेगळीच जात दिली आहे हुशारीची. मी पाठ करून पास होणारा, तो ऐकून समजणारा.

पहिल्याच सत्रात त्याने मला रविवारी घरी जेवायला नेलं. वसतिगृहाच्या जेवणाने मी वाळलो होतो, असं तो म्हणायचा. काळ्या मसाल्याचा रस्सा, कळण्याची भाकरी, वरून काकूंचा आग्रह... मला माझं घर आठवलं. पण जेवणाआधी एक कार्यक्रम असतो हे मला माहीत नव्हतं. दुपारी बाराच्या सुमाराला आप्पा, म्हणजे हर्षलचे वडील, अंघोळ करून, पांढरी बंडी घालून हॉलमधल्या दिवाणावर बसले. काकूंनी तळलेल्या बिबड्या, शेंगदाणे आणि कांदा-काकडीची ताटली आणून ठेवली आणि आत गेल्या. आप्पांनी कपाटातून बाटली काढली. मी उठायला लागलो. मला वाटलं, मोठ्यांची बसायची वेळ झाली. तर आप्पा म्हणाले, “बस बस, प्रोफेसर. आमच्याकडे पडदा नाही. ही रविवारची बैठक आहे.” मग त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं प्लॅस्टिकचं मोजायचं झाकण घेतलं, त्यात दारू ओतली, डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली आणि हर्षलच्या ग्लासात रिकामी केली. दोन झाकणं. मग पाणी. “पंधराव्या वर्षापासून माझ्या हाताने देतो याला,” ते मला म्हणाले. “तेव्हा एक झाकण होतं, आता दोन. मोजून. आणि घराबाहेर थेंबही नाही, हा नियम. विचार त्याला.” हर्षल हसत म्हणाला, “डोस आहे रे. जेवणाआधी, दिवसातून एकदा.” आप्पा खदखदून हसले. मीही हसलो. खरं सांगतो, मला तेव्हा किळस आली नव्हती. मला ते घर फार सुधारलेलं वाटलं.

असं वाटायला कारण होतं. आमच्या घरी दारू म्हणजे लाज. माझे वडील कधीतरी पिऊन यायचे, गोठ्यात झोपायचे, सकाळी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवायचे नाहीत. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलायची नाही. आम्ही भावंडं असं वागायचो जणू काही झालंच नाही. त्या लपवाछपवीत मी वाढलो होतो. इकडे बाप आणि मुलगा एका दिवाणावर, एकमेकांच्या ग्लासात बर्फ टाकत, शेतीच्या आणि राजकारणाच्या गप्पा मारत... मला वाटलं, शहरात असं असतं, शिकलेल्या घरात असं असतं, उद्या मीही माझ्या मुलाशी असंच मोकळं राहीन. माझा हा मूर्खपणा मी लपवत नाही, कारण मला माहीत आहे, हे वाचणाऱ्यांपैकी काही घरांतून आजही हेच बोललं जात असेल. चोरून कुठेतरी प्यायचा, त्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर पिऊ दे. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं!

आप्पांनाही ते कुठल्या मासिकात वाचून सुचलं नव्हतं. एका बैठकीत त्यांनी स्वतः सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ चोरून प्यायचा. आजोबा कडक माळकरी, वास आला तर घरात घ्यायचे नाहीत. तो भाऊ शेतात, नाल्यात, कुठेही पिऊन पडायचा, आणि एका उन्हाळ्यात विषारी हातभट्टी पिऊन रस्त्याच्या कडेला मेला. आप्पा तेव्हा सतरा वर्षांचे होते, त्यांनीच त्याला बैलगाडीत घालून घरी आणलं. “तेव्हाच ठरवलं,” ते म्हणाले, “माझ्या पोराला लपून प्यायची वेळ आणणार नाही. पिईल तर उजेडात पिईल, चांगली पिईल, बापाच्या हातून पिईल.” हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते. म्हणून मी त्यांना राक्षस म्हणत नाही. भावाला मारलं ते लपवण्याने, असं त्यांनी धरलं, आणि दारूला निर्दोष सोडून दिलं. सगळी चूक तिथे आहे असं मला आता वाटतं. पण त्या दिवशी मी फक्त मान हलवली.

त्याच वर्षी मीही ग्लास हातात घेतला. आप्पांनी ‘पाहुण्याचा मान’ म्हणून एक झाकण माझ्यासाठी ओतलं. नको म्हणायला जीभ वळली नाही. ज्यांच्या घरी जेवतो त्यांना नको कसं म्हणायचं, हाच विचार. घशातून जळत गेलं, वसतिगृहावर येऊन उलटी झाली, आणि उलटीला अगदी तोच वास होता, आमच्या गोठ्याचा. सुट्टीत गावी गेलो तेव्हा राहवलं नाही, आईला सगळं सांगितलं. माझा ग्लास सोडून. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

“बापच पाजस पोरले?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “हो, पण मोजून. तिथे चोरी नाही काही.”

“आन माय काय करस मंग?”

माय काय करते... ते मी कधी पाहिलंच नव्हतं. पुढच्या रविवारी पाहिलं. काकू बैठक संपल्यावर ते ग्लास स्वयंपाकघरात घेत नसत. मागच्या दारी, भांडी घासायच्या मोरीच्याही पलीकडे, झाडांना पाणी घालायचा नळ होता, तिथे नेऊन, नाकाला पदर लावून, वेगळ्या घासणीने घासत. मग ती घासणी उन्हात वाळत घालत. मी पाणी प्यायचं निमित्त करून तिथे गेलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तू पण घ्यायला लागलास का रे?” मी म्हटलं, नाही. “घेऊ नको बाबा. मी बोलले तर ते म्हणतात, तुला काय कळतं. पाचव्या वर्षी याला ताप आला तेव्हा मी याच झाकणाने औषध पाजलंय...” आणि पुन्हा ग्लास घासायला लागल्या. त्या दिवसापासून मी ग्लासाला हात लावला नाही. आप्पांनी चेष्टा केली, “दोंडाईच्याचं पाणी कच्चं निघालं,” म्हणाले. मी हसून घेतलं. बैठकीला मात्र जात राहिलो. जेवणासाठी, हर्षलसाठी... किंवा नाही कसं म्हणायचं ते येत नव्हतं म्हणून.

दोनाची तीन झाकणं झाली, तिनाची चार. मग मोजणं बंद झालं. कधी ते मला सांगता येणार नाही, कारण त्या घरात असं काही एका दिवशी घडलंच नाही. रविवारबरोबर बुधवार आला, कारण बुधवारी कसलासा सामना होता. मग दुकानातून थकून आल्यावर थोडी. मग परीक्षेचा ताण म्हणून थोडी. नियम एकच होता, घराबाहेर नाही, आणि तो हर्षलने शेवटपर्यंत पाळला. मी यावर खूप विचार केला आहे. बाहेर पिणाऱ्या मुलाला निदान दुकान बंद व्हायची वेळ असते, पैसे संपतात, घरी जायची भीती असते. तोंडाचा वास जावा म्हणून तरी तो दोन तास थांबतो. हर्षलला थांबायला काही कारणच नव्हतं. कपाट घरातच होतं, त्याला कुलूप नव्हतं, आणि घरातला सगळ्यात मोठा माणूस समोर बसून म्हणत होता, शाब्बास. ज्या माणसाने अडवायचं तोच ओतत असेल, तर मुलाने वळून बघायचं कोणाकडे? आप्पांच्या मित्रांसमोर तर तो एक खेळच झाला होता. “बघा, माझा वाघ बापाच्या बरोबरीने घेतो आणि डोळा लाल होत नाही.” ते सगळे टाळ्या द्यायचे. पन्नास-पन्नास वर्षांची, घरी सुना आलेली माणसं. एका मुलाचं शरीर सवयीचं होत चाललं आहे, याच्या टाळ्या...

शेवटच्या वर्षी, दिवाळीआधीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, त्याच्या हातातून ब्युरेट पडली. सकाळचे दहा वाजले होते. सगळ्यांना वाटलं, घाबरला. मी त्याचे हात पाहिले, ते थरथरत होते, आणि तो स्वतःही त्यांच्याकडे असा बघत होता जसे ते दुसऱ्याचे आहेत. बाहेर आल्यावर म्हणाला, “प्रोफेसर, चार दिवस झाले, मोटर ऐकायला येत नाही. मूठच स्थिर राहत नाही कानावर.” तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यासमोर रडला. त्याच आठवड्यात काकू उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा, असं त्या नंतर म्हणाल्या. धुळ्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्राची त्यांना माहेरच्या कोणीतरी माहिती दिली होती. आप्पा भडकले. “माझा पोरगा काय गटारात सापडला का? चांगल्या घरचा आहे तो!” पण काकूंनी ऐकलं नाही. आप्पांनी शेवटी पालक म्हणून सही केली, आणि दिवाळी हर्षलने तिथेच काढली.

मी एकदा भेटायला गेलो. तो बारीक झाला होता, पण डोळे स्वच्छ होते, आणि थट्टा परत आली होती. म्हणाला, “इथे बठ्ठे चोरून पिणारे आहेत रे. मी एकटाच परवानाधारक.” माझ्या अहिराणीची त्याला फार हौस, ‘बठ्ठे’, म्हणजे सगळे, हा शब्द माझ्याकडूनच उचललेला. मग तिथलं सांगायला लागला. संध्याकाळी सगळे गोल बसतात, प्रत्येक जण आपण बाटली कुठे लपवायचो ते सांगतो. कोणी पाण्याच्या टाकीत, कोणी बैलाच्या गव्हाणीत, कोणी देवघरामागे. सगळे हसतात, मग रडतात. “माझी पाळी आली की माझ्याकडे सांगायला काही नसतं. मला लपवायची कधी गरजच पडली नाही. त्यांना घरी जाऊन सोडायची आहे. मला घरी जाऊन कोणाला सोडायचंय, ते कळत नाही.” निघताना त्याने माझा हात धरला. “मी परत आलो की आप्पांना तू सांग. फक्त एवढं सांग की याला देऊ नका. माझं हसण्यावारी नेतील. तुझं ऐकतील. तू त्यांच्या दृष्टीने शिकलेला.” मी म्हटलं, सांगतो. शपथेवर नाही, पण त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

मार्गशीर्षात तो घरी आला. जवळजवळ दीड महिना त्याने थेंब घेतला नव्हता. आप्पांना आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. आणि आनंद झाला की आमच्या खान्देशात काय करतात? थंडीचे दिवस, असोद्याला त्यांची केळीची बाग... त्यांनी भरीत पार्टी ठेवली. वीस-पंचवीस माणसं. कपाशीच्या काड्या पेटवून हिरवी वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली, पुऱ्या, कांद्याची पात, सगळं. दुपारचं ऊन केळीच्या पानांतून येत होतं. हर्षल वांगी सोलत होता, बोटं भाजली की माझ्या शर्टाला पुसत होता. मी मनात वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात आप्पांनी ग्लास मांडले, आणि त्यात एक हर्षलचा. “आता याचं सगळं साफ झालंय,” ते मित्रांना म्हणाले. “इंजिनचं ऑइल बदलून आणलं. आता प्रमाणात घेईल, पहिल्यासारखं, दोन झाकणं. काय रे?” हर्षलने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, “आप्पा, नको ना. डॉक्टर म्हणाले होते की...”

“अरे प्रोफेसर, डॉक्टरला काय घर आहे का? हॉटेलात देतोय का मी? घरचा माणूस, घरचं शेत, घरचा बाप!”

सगळे हसले. कोणीतरी ओरडलं, “याला भरीत वाढा रे, तोंड बंद होईल याचं!” आणि माझ्या पत्रावळीवर भरिताचा मोठा गोळा पडला. एवढंच. माझी एवढीच लढाई. त्या हसण्यापुढे मी बसलो, पुरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. हर्षलने ग्लास उचलला. त्याने तो चटकन संपवला, जसं लहान मूल कडू औषध संपवतं, आणि बापाकडे बघून हसला. तो बापाला खूष करायला प्यायला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. लोक म्हणतात, व्यसन, संगत, पिढी बिघडली. तिथे संगत कोण होती? त्या बागेत हर्षल सोडून विशीतला मी एकटाच होतो. मला त्या माणसांची किळस येते, आणि चवीने भरीत खाणाऱ्या माझीही तेवढीच.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो नाही. अभ्यासाचं कारण सांगितलं. हर्षल मला शेवटचा भेटला तो कॉलेजच्या फाटकाबाहेर, चहाच्या गाडीवर. त्याने कप दोन्ही हातांनी धरला होता. मी म्हटलं, “मला माफ कर. मला बोलता आलं नाही.” तो म्हणाला, “तू बोललास की. अर्धं वाक्य बोललास. माझ्या बाजूने एवढं तरी कोण बोललं आजपर्यंत?” मग विषय बदलून त्याने नेहमीसारखी सरांची नक्कल केली, आणि मी खूप हसलो. दुसऱ्या दिवशी मी वेचणीसाठी गावी गेलो.

आप्पा आता दुकानात जात नाहीत. दशक्रियेला त्यांनी मला जवळ बसवून घेतलं होतं आणि माझा हात दाबून सारखं एकच विचारत होते, “मी त्याला कधी मारलं का रे? कधी रागावलो का?” नाही, मारलं नाही, रागावले नाहीत. त्यांचं प्रेम खरं होतं, हेच सगळ्यात भयंकर आहे. त्यांच्या तोंडाला तेव्हाही वास होता. मला हात सोडवून घ्यावासा वाटला, आणि मी सोडवला नाही. पण ज्या आईबापांना वाटतं की आपण मुलाला घरात, प्रेमाने, प्रमाणात शिकवू, त्यांना मला हात जोडून सांगायचं आहे, नका शिकवू. रागवा, भांडा, दोन दिवस अबोला धरा माझ्या आईसारखा. मुलाला निदान एक दार असं असू द्या, ज्याच्या आत ती बाटली येत नाही.

गेल्या आठवड्यात मला धुळ्याहून फोन आला. त्याच नंबरवरून पूर्वी दोनदा आला होता. अनोळखी नंबर, विम्याबिम्याचा असेल म्हणून मी उचलला नव्हता. जे कळलं ते मी त्याच दिवशी जाऊन काकूंना सांगितलं. आप्पा दिवाणावर होते, त्यांनीही ऐकलं, आणि भिंतीकडे तोंड केलं. फोन त्या केंद्रातल्या समुपदेशक बाईंचा होता. त्यांनी हर्षलचं नाव घेतलं आणि विचारलं, “आपण त्यांचे पालक ना?” मी म्हटलं, नाही, मित्र. “पण फॉर्मवर पालक म्हणून तुमचं नाव आणि नंबर आहे,” त्या म्हणाल्या. संक्रांतीनंतर हर्षलने त्यांना स्वतः फोन केला होता, पुन्हा दाखल करून घ्याल का म्हणून. तीन दिवस घेतली नाही, असं सांगत होता. त्या त्याला म्हणाल्या, असं एकदम आपल्या आपण बंद करणं धोक्याचं असतं, फिटसुद्धा येऊ शकते, आजच्या आज निघा आणि कोणाला तरी बरोबर घेऊन या. तो म्हणाला, बरोबर यायला कोणी नाही, मित्र गावी गेलाय, पण मी येतो. मोबाइलवरूनच त्याने फॉर्म भरून पाठवला. “मी विचारलं, मागच्या वेळी वडिलांची सही होती, या वेळी मित्राचं नाव कसं? तर हसले. म्हणाले, मॅडम, वडिलांना कळलं तर ते प्रेमाने घरी परत न्यायला येतील.” बाईंनी फाइलची पानं उलटल्याचा आवाज आला. “आम्ही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. दोन दिवस कॉट रिकामी ठेवली, मग दुसऱ्याला द्यावी लागली. ते आलेच नाहीत. आता कसे आहेत ते? अजून मनात असेल तर पाठवा त्यांना. आम्ही जागा करू.”